प्रिंटर चालू असूनही ‘ऑफलाइन’ दिसतो तेव्हा: बिघाड नेमका कुठे आहे ते शोधण्याची पद्धत

प्रिंटरचा दिवा लागलेला आहे, कागद भरलेला आहे, कालपर्यंत प्रिंटही निघत होत्या. आज मात्र कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या नावाखाली ‘ऑफलाइन’ दिसतंय आणि पाठवलेलं प्रत्येक पान रांगेत अडकून पडतंय. अशा वेळी बहुतेक जण सरळ प्रिंटर काढून टाकतात आणि ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) नव्याने इन्स्टॉल करायला घेतात. हे काम सगळ्यात शेवटी करायचं, असं माझं ठाम मत आहे. त्यात वेळ जातो, सेटिंग्ज पुसली जातात आणि मूळ कारण तसंच राहिलं तर चार दिवसांनी पुन्हा तेच होतं.

‘ऑफलाइन’ हा शेरा प्रिंटर देत नाही, कॉम्प्युटर देतो. कॉम्प्युटरने ठरलेल्या वाटेने प्रिंटरची विचारपूस केली आणि उत्तर आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. उत्तर न येण्याची कारणं चार ठिकाणी असू शकतात: खुद्द प्रिंटरमध्ये, मधल्या केबल-वाय-फाय-राउटरमध्ये, कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेल्या पत्त्यात, किंवा कॉम्प्युटरच्या प्रिंटच्या रांगेत. यातलं ठिकाण कोणतं हे आधी ठरवलं की दुरुस्ती बहुधा छोटी निघते.

रीस्टार्ट करण्याआधी एक गोष्ट लिहून ठेवा

सगळं बंद करून चालू करणं हा उपाय चांगलाच आहे, पण त्याने पुरावा नाहीसा होतो. म्हणून आधी प्रिंटरच्या पडद्यावर नेटवर्क किंवा वायरलेसच्या मेनूत जाऊन त्याचा नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस बघा आणि लिहून ठेवा. पडद्यावर काही संदेश आहे का, तेही बघा. झाकण नीट बसलेलं नसणं, आत कागदाचा तुकडा अडकलेला असणं, ट्रे रिकामा असणं अशा साध्या कारणांनीही काही मॉडेल्स कॉम्प्युटरवर ऑफलाइन दिसतात. प्रिंटर झोपलेला असेल तर एखादं बटण दाबून जागा करा आणि मिनिटभराने पुन्हा बघा. काही प्रिंटर गाढ झोपेत नेटवर्कला उत्तर देणंच बंद करतात. तुमचा त्यातला असेल तर ऊर्जाबचतीच्या सेटिंगमध्ये झोपेची वेळ वाढवा.

आता रीस्टार्ट. इथे क्रम महत्त्वाचा आहे. प्रिंटर आणि राउटर दोन्ही बंद करा. अर्ध्या मिनिटाने आधी राउटर चालू करा आणि त्याला पूर्ण सुरू होऊ द्या. वाय-फाय मिळायला लागलं की मग प्रिंटर चालू करा. प्रिंटरला पत्ता राउटरकडूनच मिळतो, त्यामुळे राउटर तयार नसताना प्रिंटर जागा झाला तर तो पत्त्याविना बसून राहू शकतो. ऑफिसमध्ये सगळ्यांचं काम राउटरवर चालू असेल तर राउटरला हात न लावता फक्त प्रिंटर बंद-चालू करा. कॉम्प्युटरसाठी मात्र ‘शट डाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ निवडा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टमचा काही भाग तसाच साठवून ठेवला जातो आणि अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहते.

रीस्टार्टनंतर प्रिंटर चालू झाला तर पुन्हा आयपी अ‍ॅड्रेस बघा आणि लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. आकडे बदललेले असतील तर कारण पत्त्यात असण्याची दाट शक्यता आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

एकालाच त्रास आहे की सगळ्यांना?

हा प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं आणि त्याने निम्मं काम होतं. त्याच वाय-फायवरच्या मोबाइलवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एक पान पाठवून बघा. दुसरीकडून प्रिंट आली तर प्रिंटर आणि नेटवर्क ठीक आहेत, दोष तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. कुठूनच येत नसेल तर कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये शोधत बसू नका, प्रिंटर आणि नेटवर्ककडे वळा.

यातली एक वेगळी शक्यता म्हणजे प्रिंटर यूएसबीने एका कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि तिथून बाकीच्यांना शेअर केलेला असतो. तो कॉम्प्युटर बंद असेल किंवा झोपला असेल तर इतर सगळ्यांना प्रिंटर ऑफलाइनच दिसणार. अशा कॉम्प्युटरची स्लीपची वेळ ‘नेव्हर’ ठेवा. प्रिंटरमध्ये स्वतःची वाय-फायची किंवा नेटवर्क केबलची सोय असेल तर शेअरिंगच्या भानगडीत न पडता प्रत्येकाने तो थेट जोडलेला बरा.

प्रिंटर नेटवर्कवर आहे का ते तपासणं

बहुतेक प्रिंटरच्या मेनूत नेटवर्कच्या माहितीचं पान छापण्याची सोय असते. पडदा नसलेल्या छोट्या प्रिंटरवर ते एखादं बटण काही सेकंद दाबून धरल्यावर निघतं. कोणतं बटण, ते त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत असतं. त्या पानावर दोन गोष्टी बघायच्या: वाय-फायचं नाव आणि आयपी अ‍ॅड्रेस.

वाय-फायचं नाव तुमचा कॉम्प्युटर ज्या नेटवर्कवर आहे तेच हवं. आयपी अ‍ॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला आहे. सगळीकडे शून्य असेल तर प्रिंटर नेटवर्कला जोडलेलाच नाही. दोन्ही वेळा प्रिंटरच्या मेनूतून वाय-फाय नव्याने जोडा. केबलने जोडलेला असेल तर केबलच्या खोबणीजवळचे छोटे दिवे बघा. ते विझलेले असतील तर आधी केबल बदला, मग नेटवर्क स्विचवरची (जिथे सगळ्या नेटवर्क केबल येऊन मिळतात तो डबा) दुसरी जागा वापरून बघा.

पत्ता व्यवस्थित दिसत असेल, समजा १९२.१६८.१.२५, तर कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग (पत्त्यावर कोणी उत्तर देतं का ते विचारणारी) ही कमांड त्या पत्त्यासह द्या. इथे अनेक जण फसतात, म्हणून उत्तर नीट वाचा. विंडोजवर कधी कधी चार ओळी ‘रिप्लाय फ्रॉम’ अशा येतात, खाली ‘लॉस शून्य टक्के’ असंही येतं, आणि वाटतं की प्रिंटर उत्तर देतोय. पण त्याच ओळींत पुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ लिहिलेलं असेल तर ते उत्तर प्रिंटरचं नाही. तुमचाच कॉम्प्युटर सांगतोय की या पत्त्यावर कोणी सापडलं नाही. ‘रिप्लाय फ्रॉम’च्या पुढचा पत्ता प्रिंटरचाच आहे ना आणि ओळीच्या शेवटी मिलिसेकंदात वेळ दिली आहे ना, हे बघितल्याशिवाय पिंगवर विश्वास ठेवू नका.

खरं उत्तर येत असेल तर तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक नेटवर्क प्रिंटरमध्ये स्वतःचं छोटं वेबपेज असतं. ते उघडलं म्हणजे प्रिंटर जागा आहे आणि वाटही मोकळी आहे. ब्राउझरने सर्टिफिकेटबद्दल इशारा दिला तर घाबरू नका. प्रिंटरने स्वतःच तयार केलेलं सर्टिफिकेट ब्राउझरला ओळखीचं नसतं, म्हणून तो इशारा येतो.

आणखी एक तपासणी फारशी कोणी करत नाही, पण ती फार उपयोगी आहे. प्रिंटर बंद करा आणि पुन्हा पिंग करा. तरीही खरं उत्तर आलं तर तोच पत्ता दुसऱ्या एखाद्या उपकरणाकडेही आहे. एकाच पत्त्यावर दोघे असले की प्रिंटर कधी दिसतो, कधी गायब होतो आणि माणूस हैराण होतो.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण: बदललेला पत्ता

राउटर प्रिंटरला पत्ता कायमचा देत नाही, ठरावीक मुदतीसाठी देतो. वीज गेली, राउटर रीस्टार्ट झाला, प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला, की पुढच्या वेळी वेगळा पत्ता मिळू शकतो. कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये (प्रिंट कुठे पाठवायची त्या नोंदीत) मात्र जुनाच पत्ता नोंदलेला असतो. घर बदललेल्या माणसाची पत्रं जुन्या घरी जात राहावीत, तसं हे होतं. दोन्ही उपकरणं धडधाकट असतात, फक्त नोंद चुकीची असते.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, त्यात ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’, त्यात ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ इथे जाऊन तुमचा प्रिंटर निवडा आणि ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा. विंडोज १० मध्ये ‘ब्लूटूथ’ऐवजी ‘डिव्हाइसेस’ मधून जायचं आणि प्रिंटर निवडून ‘मॅनेज’ दाबायचं. ‘पोर्ट्स’ या टॅबवर ज्या पोर्टसमोर टिक आहे तो तुमचा चालू पोर्ट. त्यातला पत्ता आणि प्रिंटरच्या पानावरचा पत्ता वेगळा असेल, तर चोर सापडला.

१. त्याच टॅबवर ‘अ‍ॅड पोर्ट’ दाबा आणि ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून ‘न्यू पोर्ट’ दाबा.
२. प्रिंटरचा आत्ताचा आयपी अ‍ॅड्रेस टाका. पोर्टचं नाव आपोआप भरलं जातं, ते तसंच राहू द्या.
३. प्रिंटरचा प्रकार विचारला आणि तुम्हाला खात्री नसेल तर ‘जेनेरिक नेटवर्क कार्ड’ ठेवा.
४. नव्या पोर्टसमोर टिक आहे ना ते बघून ‘अप्लाय’ करा आणि ‘जनरल’ टॅबवरून टेस्ट पेज काढा.

ड्रायव्हरला हातही न लावता प्रिंटर चालू होतो. पण इथेच थांबलात तर पत्ता पुन्हा बदलेल. कायमचा इलाज राउटरमध्ये आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ नावाचा पर्याय असतो. तिथे प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा उपकरणाचा स्वतःचा ओळख-क्रमांक; तो नेटवर्कच्या पानावरच छापलेला असतो) आणि हवा तो आयपी अ‍ॅड्रेस यांची जोडी लावून द्या. मग राउटर त्या प्रिंटरला नेहमी तोच पत्ता देतो. वाय-फाय आणि केबल यांचे मॅक अ‍ॅड्रेस वेगवेगळे असतात, तेव्हा ज्या वाटेने प्रिंटर जोडला आहे त्याचाच घ्या.

काही जण प्रिंटरच्या मेनूत हाताने पत्ता टाकून मोकळे होतात. ते चालतं, पण राउटरला त्याची कल्पना नसते आणि तो तोच पत्ता एखाद्या मोबाइलला देऊन बसतो. वर सांगितलेला ‘एका पत्त्यावर दोघे’ हा घोळ बहुधा असाच होतो. म्हणून मी रिझर्व्हेशनच सुचवेन.

पोर्टच्या नावात ‘डब्ल्यूएसडी’ दिसलं तर

विंडोज स्वतःहून प्रिंटर शोधून जोडतं तेव्हा पुष्कळदा पोर्टचं नाव डब्ल्यूएसडी ने सुरू होतं. यात पत्ता टाकावा लागत नाही. नेटवर्कवर हाक मारून प्रिंटर शोधला जातो. सोय चांगली आहे, पण ती हाक राउटरने किंवा फायरवॉलने अडवली, किंवा प्रिंटर झोपेतून नीट जागा झाला नाही, की लगेच ऑफलाइन. प्रिंटर वारंवार ऑफलाइन जात असेल आणि पोर्ट डब्ल्यूएसडी असेल तर वरच्याच पद्धतीने स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्टवर या.

पिंग होतं, वेबपेज उघडतं, तरी ऑफलाइन

पत्ता बरोबर आहे, पोर्ट बरोबर आहे, तरी शेरा जात नाही. मग ‘पोर्ट्स’ टॅबवर ‘कॉन्फिगर पोर्ट’ दाबा. खाली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ असा चौकोन दिसेल. या पद्धतीने विंडोज प्रिंटरला त्याची स्थिती विचारतं. प्रिंटरमध्ये एसएनएमपी बंद असेल, किंवा त्याचं कम्युनिटी नेम (पासवर्डसारखा परवलीचा शब्द, एरवी तो ‘पब्लिक’ असतो) बदललेलं असेल, तर विंडोजला उत्तर मिळत नाही आणि ते प्रिंटरला ऑफलाइन ठरवतं. छापण्याची वाट वेगळी असते, बहुधा ९१०० क्रमांकाचा पोर्ट (हा प्रिंटरवरच्या वाटेचा क्रमांक, ‘पोर्ट्स’ टॅबवरची नोंद नव्हे), आणि ती पूर्ण मोकळी असते. चौकोनातली टिक काढून ‘ओके’ करा. ऑफिसमध्ये सुरक्षेसाठी एसएनएमपी बंद केलेलं असणं अगदी नेहमीचं आहे, तिथे ही खूण आधी बघावी. तोटा एवढाच की कागद संपला, शाई कमी आहे, अशा सूचना कॉम्प्युटरवर नीट येणार नाहीत.

कॉम्प्युटरवरची रांग

दोष एकाच कॉम्प्युटरवर असेल तर आधी प्रिंटरच्या यादीकडे बघा. एकाच प्रिंटरची दोन नावं दिसतात का? दुसऱ्याच्या शेवटी ‘कॉपी १’ असं आहे का? यूएसबी केबल वेगळ्या खोबणीत लावली किंवा प्रिंटर पुन्हा जोडला की विंडोज नवी नोंद करतं. जुनी नोंद यादीत तशीच राहते, आपण सवयीने तिच्यावरच प्रिंट पाठवत राहतो आणि ती ऑफलाइन असते. चालणारी नोंद ठेवा, बाकीची काढून टाका. ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ हेही बंद करा, नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डीफॉल्ट होत राहतो.

रांगेची खिडकी उघडून वरच्या ‘प्रिंटर’ मेनूत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ किंवा ‘पॉज प्रिंटिंग’ यांच्यापुढे टिक असेल तर ती काढा. विंडोज ११ च्या नव्या रांगेत हा मेनू सापडत नाही, तर त्यासाठी अडून बसू नका.

एखादं खराब झालेलं काम रांगेच्या तोंडाशी अडकतं आणि ‘कॅन्सल’ करूनही ‘डिलीटिंग’वरच राहतं. त्यासाठी:

१. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा, ‘प्रिंट स्पूलर’ (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) निवडून ‘स्टॉप’ करा.
२. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर उघडा. परवानगी मागितली तर द्या.
३. त्याच्या आतल्या फाइल्स काढून टाका. फोल्डर काढायचं नाही, आणि शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरला हात लावायचा नाही.
४. परत येऊन स्पूलर ‘स्टार्ट’ करा.

याने त्या कॉम्प्युटरवरची सगळ्या प्रिंटरची रांग पुसली जाते. कॉम्प्युटर इतरांना प्रिंटर शेअर करत असेल तर त्यांची पानंही जातील, म्हणून आधी सांगा.

ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) चालू आहे का, हेही बघा. काही व्हीपीएन सगळी वाहतूक आपल्या वाटेने नेतात आणि घरातला प्रिंटर दिसेनासा होतो. व्हीपीएन तोडल्यावर प्रिंट आली तर कारण उघड आहे. तसंच नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ असेल तर विंडोज आसपासची उपकरणं शोधत नाही. घरच्या किंवा ऑफिसच्या भरवशाच्या नेटवर्कसाठी तो ‘प्रायव्हेट’ करा.

मॅकवर ‘सिस्टम सेटिंग्ज’मध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडून रांग थांबलेली असेल तर ‘रिझ्यूम’ करा. प्रिंटर पुन्हा जोडताना यादीत सापडत नसेल तर जोडण्याच्या खिडकीतल्या गोलाच्या चिन्हावर जाऊन आयपी अ‍ॅड्रेसने जोडता येतो. प्रिंटरच्या यादीवर कंट्रोल दाबून क्लिक केलं की ‘रीसेट प्रिंटिंग सिस्टम’ मिळतं, पण ते सगळेच प्रिंटर आणि सगळ्या रांगा पुसून टाकतं. त्याचा नंबर शेवटचा.

राउटर किंवा पासवर्ड बदलल्यानंतर

राउटर बदलला की मोबाइल आणि लॅपटॉप आपण लगेच जोडतो, प्रिंटर मात्र जुन्या नेटवर्कची वाट बघत राहतो. नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि पासवर्ड, अक्षरांच्या लहान-मोठेपणासकट, दिला तर प्रिंटर बहुधा आपोआप जोडला जातो. नाव-पासवर्ड तेच असूनही जोडला जात नसेल तर दोन जागा बघा. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात, ५ गिगाहर्ट्झचं त्यांना दिसतही नाही. राउटर दोन्हींना एकच नाव देत असेल आणि प्रिंटर गोंधळत असेल तर २.४ ला तात्पुरतं वेगळं नाव देऊन जोडून बघा. दुसरं म्हणजे सुरक्षेचा प्रकार. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असेल तर जुने प्रिंटर आत येऊ शकत नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा.

प्रिंटर गेस्ट नेटवर्कवर जोडू नका. तिथली उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. मुख्य नेटवर्कवरही राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल तर हाच प्रकार होतो: प्रिंटर आणि लॅपटॉप दोघांनाही इंटरनेट मिळतं, पण एकमेकांची गाठ पडत नाही.

यूएसबीचा प्रिंटर

इथे नेटवर्कचा प्रश्न नाही. हब किंवा एक्स्टेन्शन काढून केबल थेट कॉम्प्युटरला लावा, दुसरी खोबण वापरा, दुसरी केबल लावून बघा. मग वर सांगितलेली ‘कॉपी १’ची नोंद तपासा.

ऑफिसमधला प्रिंट सर्व्हर

काही ऑफिसांत सगळ्यांच्या प्रिंट एका मध्यवर्ती कॉम्प्युटरमार्फत जातात, तो प्रिंट सर्व्हर. सगळ्यांना एकाच वेळी ऑफलाइन दिसत असेल तर स्वतःच्या कॉम्प्युटरवर वेळ घालवू नका. बघायचं ते सर्व्हरवरचा स्पूलर, सर्व्हरवरच्या पोर्टमधला पत्ता आणि प्रिंटर. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ या विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधल्या सुरक्षेच्या त्रुटीनंतर नियम कडक केले, तेव्हापासून सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरवायला मुळात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. त्यामुळे कर्मचारी शेअर केलेला प्रिंटर स्वतःच काढून पुन्हा जोडायला गेला आणि पासवर्ड मागितला गेला, तर चूक त्याची नाही, पण आधी होती ती नोंदही आता हातची गेलेली असते. आयटी विभागाला विचारल्याशिवाय तो काढूच नका.

ड्रायव्हर नव्याने टाकायची वेळ आली तर

पिंगला खरं उत्तर येतं, पोर्ट बरोबर आहे, एसएनएमपी बंद करून झालं, स्पूलर साफ आहे, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून प्रिंट येते आणि तरी तुमच्याकडून येत नाही, तेव्हा ड्रायव्हरचा नंबर. नुसतं ‘रिमूव्ह’ केल्याने जुना ड्रायव्हर जात नाही. यादीतून प्रिंटर काढल्यावर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडा, ‘ड्रायव्हर्स’ टॅबवरून तो ड्रायव्हर त्याच्या पॅकेजसकट काढा आणि रीस्टार्ट करा. मग उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर शोधून देणारी तिसऱ्याच कोणाची सॉफ्टवेअर वापरू नका. जोडताना आपोआप सापडलेल्या नावावर क्लिक करण्याऐवजी ‘अ‍ॅड मॅन्युअली’ निवडून आयपी अ‍ॅड्रेसने जोडा, म्हणजे पुन्हा डब्ल्यूएसडीचा पोर्ट लागणार नाही.

प्रिंटर पिंगलाच उत्तर देत नसेल, केबल आणि स्विचची जागा बदलूनही खोबणीचे दिवे लागत नसतील, किंवा मोबाइलला शेजारी चांगलं वाय-फाय मिळत असताना प्रिंटरला एकही नेटवर्क दिसत नसेल, तर नेटवर्क कार्ड गेलेलं असू शकतं. यूएसबी केबलने थेट जोडून बघा. तशी प्रिंट आली तर छपाईचा भाग ठीक आहे आणि दुरुस्ती फक्त नेटवर्कच्या भागाची आहे. तंत्रज्ञाला फोन करताना हे, आणि नेटवर्कच्या पानावरचा पत्ता, दोन्ही आधीच सांगा. नेमका कोणता भाग तपासायचा हे त्याला येण्याआधीच कळलेलं असेल.